ढिल्या तारा

आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं हे आधी मला कळलं, त्यांना नाही. आणि कळलं ते भांडताना. मी ऐन रंगात आलेली, आवाज वरच्या मजल्याला जाऊन पोहोचलेला, आणि समोर हा माणूस शांतपणे केळं सोलतोय. माझं बोलणं त्यांनी आयुष्यभर कानामागे टाकलं, पण ऐकून टाकलं. न ऐकता टाकण्याची त्यांची छाती नव्हती. म्हणून मी बोलता बोलता गप्प झाले, आणि मी गप्प झालेलंही त्यांना कळलं नाही. 

मुलीला फोन केला. ती आली, गाडीत घालून त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, मागच्या सीटवर मी. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबे लावले आणि बाहेरून बटणं दाबत बसल्या. मग आम्हाला सांगितलं की उजवा कान गेल्यात जमा आहे आणि डावा त्याच वाटेवर आहे. आधी बारीक आवाज जातात. पाखरं, घंटी, किटलीची शिट्टी, बायकांचं बोलणं. जाड आवाज शेवटी जातात.

"म्हणजे आधी मी जाणार," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मुलगी हसली आणि मग जिन्यात तोंडाला रुमाल लावून रडली. मी तिला म्हटलं, रडायचं ते मोठ्याने रड, बाप काही ऐकणार नाही. असलं काहीतरी बोलल्याशिवाय मला उभं राहता येत नाही, तिला हे माहीत आहे.

ह्यांनी डॉक्टरीणबाईंना एकच गोष्ट विचारली. जाड आवाज किती दिवस राहतील? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही; काही महिने, नशीब असेल तर जास्त. कानात घालायचं यंत्र दिलं. ते घातलं की ताटं-वाट्या कानात आपटल्यासारख्या वाटतात म्हणून ते दुसऱ्याच दिवशी खणात गेलं. बोलणं ऐकायला ते बरं आहे, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. पण ह्यांना बोलणं ऐकायचंच नव्हतं. घरी येऊन बूट काढता काढता ते म्हणाले, "मला बेस हवाय. आपल्याला परवडेल असा. पण आवाज जुना पाहिजे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बेस म्हणजे गिटारच, पण लांब मानेची आणि चार जाड तारांची. स्टेजवर जी गिटार किंचाळते आणि जिच्याकडे पोरी बघतात, ती ही नव्हे. बेसवाला मागे उभा असतो. त्याचा आवाज कानात शिरत नाही, तळपायातून वर चढतो. तो वाजत असताना कोणाचं लक्ष जात नाही, आणि थांबला की सगळ्यांना वाटतं, पंखा बंद झाला का. आमचे हे दिवसा कारखान्यात लेथवर काम करायचे आणि शनिवारी संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये बेस वाजवायचे. लेथ आणि स्पीकर, दोघांनी मिळून कान खाल्ले असं डॉक्टरीणबाईंचं मत. मी म्हटलं, माझं नाव घेतलं नाहीत, उपकार झाले.

बँडमध्ये चौघं होते. गाणारा अंगाने दांडगा, पण आवाज शेळीच्या करडासारखा, म्हणून त्याला सगळे पिपाणी म्हणायचे. ड्रमवाला होता, वरची गिटार वाजवणारा होता आणि हे. आता हेच तेवढे उरलेत. ह्यांचा बेस ड्रमवाल्याच्या तळघरात ठेवलेला असायचा. एका वर्षी तळघरात पाणी शिरलं आणि लाकूड पावासारखं फुगलं.  आमचे हे ते लाकूड गच्चीवर नेऊन वाळवत बसले, वाळलं तशी चीर पडली, मग ते उचलून कुठेतरी टाकून आले. त्यानंतर घरात वाद्य नव्हतं.

राहिली होती ती एक टेप. ड्रमवाला गेला तेव्हा त्याच्या बहिणीने आवराआवर करताना ती आम्हाला आणून दिली. कधीतरी तिने हॉलमध्ये खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवून बँड रेकॉर्ड केला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. आमच्याकडे एक जुना दोन स्पीकरवाला टेपरेकॉर्डर होता, त्यात ह्यांनी ती घातली. त्या दिवसापासून जेवण झालं की ती टेप ठरलेली. मी खाली दुकानात शिलाई मशीनवर. आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, कमर कमी करणे, चेन बदलणे, बाह्या आखूड करणे. वर हे, आणि जिन्यावरून खाली उतरणारा तो आवाज. तसा भारदस्त आवाज मी दुसरा ऐकला नाही, हे कबूल. पिपाणीसुद्धा त्या टेपमध्ये मोठ्या घराण्यातल्या माणसासारखा गायचा. हे म्हणायचे, माईकची कमाल. मधेच दोन गाण्यांच्या मधे कोणीतरी खो खो हसतं, रेड्यासारखं. कोण हा म्हणून आम्ही डोकं खाजवायचो. हे म्हणायचे, दारवान असेल, दाढीवाला.

तर ह्यांना बेस हवा होता तो त्या टेपमध्ये वाजतो तसा. कान जायच्या आत एकदा हाताखाली. बाकी काही मागणं नव्हतं. आयुष्यात ह्या माणसाने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मीच देत आले आणि ऐकवत आले. त्यामुळे मी पदर खोचला.

पहिलं दुकान मोठं होतं, काचेचं. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, ओल्या वाटाव्यात इतक्या चकचकीत. विकणारा पोरगा केसांचा बुचडा बांधलेला, पण गोड बोलणारा. मुलीने त्याला सांगितलं की जुन्या रॉक बँडचा असतो तसा आवाज पाहिजे आणि खिसा आमचा मध्यम आहे. त्याने समजावलं की खऱ्या जुन्या बेसची किंमत आता आकाशाला भिडली आहे. लाकूड जितकं जुनं, तितका भाव. मी म्हटलं, माणसांचं बरोबर उलटं आहे. मग त्याने एक दाखवला, नवाच, पण रंग खरवडलेला, कडा झिजवलेल्या, जुना दिसावा म्हणून कारखान्यातच घासलेला. आणि त्या घासण्याचे वरती पैसे. मी त्याला म्हटलं, "बाळा, माझ्याकडे आणला असतास तर मी फुकट घासून दिला असता."

हे हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. प्रत्येक ठिकाणी ते तो बरोबर न्यायचे, भाजीच्या पिशवीत, लहान मूल न्यावं तसा छातीशी धरून. दुकानात वायर लावली, टेप सुरू केली, बेस मांडीवर घेतला आणि खुंट्या पिळायला लागले. टेपच्या सुरात सूर मिळवायचा असतो म्हणे. त्यासाठी त्यांनी चारही तारा ढिल्या केल्या, ढिल्या केल्या, इतक्या की वाजवल्यावर त्या लाकडावर आपटून फडफडायला लागल्या. वाळत घातलेली चादर वाऱ्यावर फडफडते ना, तशा.

पोरगा म्हणाला, "काका, इतकं खाली नका नेऊ. तारांना ताण राहत नाही."

"तुझ्या बापाला दात येत होते तेव्हापासून मी वाजवतोय," हे म्हणाले आणि बेस त्याच्या हातात परत दिला. "ह्यात दम नाही. माझा इतका खाली जायचा आणि फडफडायचा नाही."

गाडीत बसल्यावर म्हणाले, नव्या लाकडात ते नसतंच.

मग मुलीने फोनवर शोधायला सुरुवात केली. ती तशी चिवट आहे, माझ्यावर गेली आहे. तिने वाचून काढलं की जुना आवाज पाहिजे तर नुसत्या बेसवर जाऊ नका, तारा बघा. खरबरीत तारा नकोत, गुळगुळीत हव्यात, आणि वापरून मेलेल्या हव्यात. आणि तारांच्या खाली शेवटाला स्पंजाचा तुकडा दाबला की आवाज गादीवर बसल्यासारखा बसतो. स्पंज म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्या दुकानात खांद्यांना लावायच्या पॅडांचा ढीग आहे. मी कापून दिला. एका जुनी वाद्यं विकणाऱ्याकडे, एका कॉलेज सोडलेल्या मुलीच्या घरी, एका माळ्यावर जिथे चढताना माझे गुडघे मला शिव्या देत होते, जिथे जिथे परवडेल असा बेस होता तिथे आम्ही गेलो. माझा स्पंज, ह्यांचा टेपरेकॉर्डर, मुलीची सुट्टी. आणि प्रत्येक ठिकाणी तेच. टेप सुरू, खुंट्या ढिल्या, फडफड. हे मान हलवायचे आणि उठायचे. विकणारे लोक आमच्याकडे असे बघायचे जसे आम्ही ताजं दूध घेऊन ते नासवून परत देतोय.

दर खेपेला टेपचं बटण थोडं जास्त फिरवावं लागत होतं. ते मी बघत होते. त्यांना वाटायचं बघत नाही.

मग तो ड्रायव्हर भेटला. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, ह्यांच्याच वयाचा. बोटांचे सांधे सुजून आल्याच्या गाठींसारखे झालेले, म्हणून बेस विकायचा होता. तळमजल्यावर मागची खोली, एका कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, त्यावर घड्या घातलेली पांघरुणं, आणि भिंतीला टेकून उभा केलेला बेस. खाकी रंगाचा, साधा, ज्या कंपनीचं नाव कोणी घेत नाही अशा कंपनीचा. पण हाताने पुसून पुसून मऊ झालेला. तारा काळ्या पडलेल्या. मुलीने विचारलं, शेवटच्या कधी बदलल्या? तो म्हणाला, बदलायच्या असतात का?

मला तो माणूस तिथेच आवडला.

त्या दिवशी ह्यांची वायर घरी राहिली होती आणि टेपरेकॉर्डरमधले सेल मेलेले. हे इतके हिरमुसले की मला बघवेना. ड्रायव्हर म्हणाला, त्यात काय, माझ्याकडे आहे. त्याने कपाटातून एक टेपचं मशीन काढलं, फडक्यात गुंडाळलेलं. माणूस किती नीट आहे ते त्याच्या फडक्यावरून कळतं. टेप आत घातली, बटण दाबलं.

आणि आतून पिपाणी गायला लागला.

मी पिपाणी म्हणते तेव्हा पिपाणीच म्हणते. तो माईकवाला भारदस्त गृहस्थ नाही. तोच करडासारखा, नाकातून येणारा, बारीक, आगाऊ आवाज, जो ऐकून मी हॉलमध्ये पहिल्यांदा तोंडावर हात ठेवला होता. इतक्या वर्षांपूर्वी मेलेला माणूस, त्या इस्त्रीच्या टेबलामागून गात होता. गाणंही चपळ झालं होतं. पाय आपोआप हलावेत असं. मी मुलीकडे बघितलं. तिला काही कळलं नव्हतं, तिने पिपाणीला जिवंतपणी ऐकलेलंच नाही.

गाणं संपलं. मग तो दारवान हसला, दाढीवाला. फक्त तो दारवान नव्हता. मी होते. माझं हसणं मला कळणार नाही का? लग्नाच्या आधीचं, पहिल्या रांगेतलं, ह्यांनी वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं म्हणून फुटलेलं. आणि इतके दिवस मी माझ्याच हसण्याला रेडा म्हणत आले होते.

ड्रायव्हरने बेस उचलला होता. सुजलेल्या बोटांनी, जमेल तितकं, टेपच्या बरोबर वाजवत होता. खुंट्यांना हात लावला नव्हता. ताणलेल्या तारा, मेलेल्या तारा, आणि आवाज असा की कुठला टेपमधला आणि कुठला खोलीतला सांगता येईना. दोन्ही एकच झाले होते. फरशीतून माझ्या चपलांत चढला तो. मी मनाशी म्हटलं, सापडला. शोध संपला.

हे डावा कान पुढे करून बसले होते. पिपाणीचा बारीकपणा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता, माझं हसणं तर दूरच. त्यांना फक्त खालचं ऐकू येत होतं, आणि खालचं त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

"तुमचं मशीन पळतंय," ते ड्रायव्हरला म्हणाले. "सूर वर गेलाय." बेस मागून घेतला, घरच्या टेपचा सूर त्यांच्या डोक्यात पक्का होता, त्याप्रमाणे खुंट्या ढिल्या केल्या. फडफड. तेव्हा ती त्यांना ऐकू यायची अजून. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, बेस भिंतीला टेकवला, आभार मानले आणि बाहेर गाडीकडे गेले.

ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, माझं मशीन पळत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

गाडीत मी सांगायला गेले. अहो, आपला टेपरेकॉर्डर हळू चालतोय, म्हणून सगळे आवाज जाड होऊन खाली जातात. ती टेप अशी नाहीच. ते म्हणाले, ड्रायव्हर लोकांना घाईचीच सवय, त्यांची मशीनंही तशीच. मी म्हटलं, अहो, मी हसले आहे त्यात, मी, माझं हसणं आहे ते. ते म्हणाले, काय? मी परत म्हटलं. ते म्हणाले, काय? मग मी ओरडले, आणि गाडीच्या काचा बंद असताना मी ओरडले म्हणजे काय ते माझ्या मुलीला विचारा. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ओरडू नकोस. ऐकू येतंय मला."

मला जगात कोणी गप्प करू शकलेलं नाही. सासूबाईंना जमलं नाही, दुकानाच्या जागेच्या मालकाला जमलं नाही. पण जो ऐकतच नाही त्याच्यापुढे माझी जीभ काय कामाची? मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

दोन दिवसांनी मुलीला घेऊन गेले आणि ड्रायव्हरकडून बेस आणला. किंमत आमच्या आवाक्यातली होती, आणि तो वाजवणाऱ्याच्या घरी जातोय म्हणून त्याने आढेवेढे घेतले नाहीत. घरी आणून मी तो दुकानात कपड्यांच्या रांगेमागे उभा केला, वर कोट टांगून.

मग टेपरेकॉर्डर. हे कानाच्या तपासणीला गेले होते तेव्हा मी तो खाली आणला आणि माझ्या मशीनच्या स्क्रू-ड्रायव्हरने पाठ उघडली. आत जे होतं ते मला लगेच ओळखू आलं. चाक आहे, मोटार आहे, आणि दोघांना धरून एक पट्टा. माझ्या शिलाई मशीनचं पोट काही वेगळं नाही. फक्त माझा पट्टा चामड्याचा, हा रबराचा, आणि हा असा लोंबत होता जसं जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक. चाकावर पकड नाही, घसरतोय, फिरतोय तो आपल्या मर्जीने. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने नवा पट्टा घातला, मोटारीला तेल दिलं. जुना पट्टा टाकायला निघाला होता, मी घेतला. माझी सवय आहे, मी काही टाकत नाही. बटणांच्या डब्यात ठेवला.

दुपारी जेवणं झाल्यावर मी दुकान बंद केलं. मुलगीही आली होती. बेस वर आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. खाकी रंगावरून त्यांनी हात फिरवला, ओळखला. माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. मी टेप लावली.

पिपाणी गायला लागला, चपळ, बारीक. मी त्यांचा चेहरा बघत होते. मधल्या दिवसांत डावा कान आणखी खाली गेला होता. डॉक्टरीणबाईंनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यांनी कपाळ स्पीकरला टेकवलं आणि तसेच राहिले. एक गाणं गेलं. मी हसले, तरुण, मोठ्याने, त्या डब्यातून. मुलीने माझा हात धरला. दुसरं गाणं सुरू झालं.

"ही कोणाची टेप?" त्यांनी विचारलं.

मी कपडा बेतायचा कागदाचा पॅटर्न घेतला, मागे खडूने लिहिलं. लिहिण्यात मी काही पंडित नाही, मोठी मोठी अक्षरं काढली. पट्टा ढिला होता. नवा घातला. ही तुमचीच टेप. अशीच होती.

त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं, तीन ओळींना लागतो त्याहून जास्त. माणूस हुशार आहे, लेथवर आयुष्य गेलं आहे. ढिला पट्टा म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. खुंट्यांकडे बघितलं. मग इतक्या दुकानांत जे जे केलं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसलं. मला वाटलं, आता खुंटी ताणतील, आता वाजवतील. हातात जे पाहिजे होतं ते होतं. कानात थोडं उरलं होतं. एवढंच तर हवं होतं.

"असेल," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर असेलच. पण आम्ही इतके घाईत नव्हतो गं."

मुलगी काही बोलायला गेली, मी तिला डोळ्यांनी थांबवलं.

"मी रोज ऐकतो ती मला माहीत आहे," ते म्हणाले. "ही मला माहीत नाही. आता नवीन ओळखी करून घ्यायला वेळ नाही माझ्याकडे. जुना पट्टा आहे का?"

नाही म्हणता आलं असतं. टाकला म्हणता आलं असतं, कोणीही टाकलाच असता. सगळं जग मला फटकळ म्हणतं, कोणाची भीड ठेवत नाही म्हणतं. मी खाली गेले, बटणांचा डबा उघडला. पट्टा बटणांत गुंतला होता, तो सोडवला. वर आणून टेपरेकॉर्डरची पाठ उघडली, घट्ट नवा पट्टा काढला आणि तो लोंबणारा, मेलेला पट्टा माझ्या हाताने परत चाकावर चढवला.  मुलगी म्हणाली, "आई, अगं हे चुकीचं आहे." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. दुसरं काय म्हणणार?

टेप सुरू केली. पिपाणी पुन्हा मोठ्या घराण्यातला झाला. गाणं जड पावलांनी चालायला लागलं. मी पुन्हा रेडा झाले.

हे खुंट्या पिळायला लागले. ढिल्या, आणखी ढिल्या. ड्रायव्हरने ज्या खुंट्यांना हात लावला नव्हता त्या. मी बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले, हनुवटी बेसच्या वरच्या कडेला टेकवली आणि वाजवायला लागले.

तारा फडफडत होत्या. लाकडावर आपटत होत्या, पत्रा हलवल्यासारख्या. मुलीला सहन होईना, ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी कुठे जाणार? मी समोर बसले. ह्या फडफडीपायी आम्ही इतकी दुकानं पालथी घातली, इतके जिने चढलो, इतके चांगले बेस नाकारले. ती आता सगळ्या खोलीत भरली होती आणि त्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती. त्यांना ती ऐकूच येत नव्हती. ती बारीक होती. ती माझ्यासारखीच आधी गेली होती. हनुवटीतून त्यांच्यापर्यंत पोहोचत होतं ते फक्त खालचं, जाड, हळू.

त्यांचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवेना आणि दुसरीकडे बघवेना.

"हाच," ते म्हणाले. डोळे उघडले, पाणी होतं त्यांत. "हाच गं तो. सापडला. असाच होता ना?"

विचारलं मला. त्या हॉलमध्ये असलेलं, अजून जिवंत असलेलं आणि ऐकू येत असलेलं माणूस मी एकटीच. मी मान हलवली. त्यांना ते पुरलं नाही, ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"असाच," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, ओठ नीट हलवून.

ते पुन्हा वाजवायला लागले. थोड्या वेळाने हनुवटी न उचलता म्हणाले, "जरा मोठा कर टेप."

मी उठले, बटण धरलं. ते शेवटाला जाऊन टेकलेलं होतं, त्याच्या पुढे फिरत नाही. मी हात तसाच बटणावर ठेवला आणि फिरवल्यासारखं केलं.

"आता बरं," ते म्हणाले.